खिडकीच्या आतून

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. अर्जावरच्या फोटोवर आडवी सही नाही म्हणून विरारहून आलेल्या आजींना तू परत धाडलंस आणि वर ‘नियम म्हणजे नियम’ असं मला ऐटीत कळवलंस. सरकारी खिडकीवर बसून तीन महिने झाले नाहीत तोच!

तुला हसायचा अधिकार मला नाही. 2005 साली मी या टेबलावर चांगला मुरलेला होतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक टॅक्सीवाले आले. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर. ‘शंभरचा स्टॅम्पपेपर आणा,’ म्हणून मी कागद सरकवला. त्यांनी तो मांडीवर ठेवून हाताने सरळ केला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि गेले. त्या दिवसाचं भाडं बुडालं असणार. संध्याकाळी बड्या बाबूंनी माझ्याच कपाटातून 1 जुलै 2004 चा आदेश काढून पुढ्यात टाकला: अशा प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क माफ. मी पाळत होतो ती माझ्या आधीच्या माणसाची सवय. (2024 मध्ये शंभरचे पाचशे झाले, तरी ही माफी कायम आहे. तरीही कुठे ना कुठे कोणीतरी स्टॅम्पपेपर मागत असेलच, पैज लाव.)

म्हणून आधी मूळ परिपत्रक वाच. बाजूच्या टेबलाला विचारू नकोस, त्यानेही कुणाला तरी विचारलेलंच असतं.

आपल्याला भीती असते ऑडिटची. शेरा आला तर? मग दोन ओळींची टिपणी लिही, साहेबांची सही घे. अंगावर घेऊ नकोस, फाईलवर घे. वारसांच्या नावात घोळ असेल तर मात्र ब्रह्मदेव आला तरी ढळू नकोस.

आणखी एक. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि विनाकारण अडवलं तर 500 ते 5000 रुपये दंड. दंडाचं सोड. ‘फोटोवर सही आडवी नाही’ हे कारण कागदावर लिहून बघ, पेन आपोआप थांबेल. ती सही तिथल्या तिथे घ्यायला अर्धं मिनिट पुरतं.

आजी पुन्हा येतील तेव्हा तुझं पेन दे. खिडकीला सुतळीने बांधलेलं चालत नाही, हे तूच लिहिलं होतंस.