जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन चार दिवस दिल्ली, तिकिटंही काढून झाली आहेत: जमेल का? काय काय पाहावं? आग्रा करावं का?

जमेल. तिकिटं झाली आहेत, तर रद्द करू नका. फक्त नाश्ता करून दहाला निघायचं आणि दिवसभर फिरून सातला परतायचं, हा मुंबई-पुण्याचा बेत घरीच ठेवून या. इथे जूनमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. मी दिल्लीतच राहते आणि उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांना एकच सांगते: अकरा ते पाच हा वेळ दिवसातून वजा करा. उरलेला दिवस तरीही मोठा असतो, कारण सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि सव्वासातच्या पुढे मावळतो.

पहिल्या दिवशी पहाटे लोधी गार्डन. तिकीट नाही, गर्दी म्हणजे फक्त चालायला येणारे दिल्लीकर. मुहम्मद शाह सय्यदची अष्टकोनी कबर, सिकंदर लोदीची कबर, बडा गुंबद, सगळं हिरवळीत विखुरलेलं आहे. सासू-सासरे बाकावर बसतील, मुलं पळतील. मग शेजारच्या अमृता शेरगिल मार्गावर नक्की जा. दिल्लीच्या उन्हाळ्याला मी एवढं माफ करते ते या रस्त्यामुळे. बहावा आपल्याकडेही फुलतो, पण एखाद-दुसरा, कुठेतरी कोपऱ्यावर. इथे दोन्ही बाजूंनी ओळीने बहावाच, इथल्या भाषेत अमलतास. मेच्या मध्यापासून पिवळे घोस लोंबायला लागतात. तुम्ही याल तेव्हा बहर थोडा उतरला असेल, तरी खालचा सडा मिळेल. हे हिवाळ्यात येणाऱ्यांच्या नशिबी नाही.

दुसऱ्या पहाटे हुमायूनची कबर. सूर्योदयालाच उघडते, दगड तापायच्या आत चौथऱ्यावर चढून घ्या. ताजमहालाच्या कितीतरी आधीची, सोळाव्या शतकातली ही इमारत. हुमायूनच्या बेगमने बांधून घेतली. मला विचाराल तर दिल्लीतली सगळ्यात देखणी वास्तू हीच. मग लगतच्या सुंदर नर्सरीत सावलीत बसा आणि ऊन चढलं की तिथल्याच नव्या संग्रहालयात उतरा. २०२४ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय जमिनीखाली आहे, त्यामुळे सकाळ तिथेच छान संपते.

लाल किल्ल्याला पहाटेची सोय नाही, तो साडेनऊला उघडतो. दार उघडताच आत जा, दीड तासात बाहेर पडा. आत एक गोष्ट मुद्दाम दाखवा: महालांच्या मधून जाणारा कोरडा पाट. ही नहर-ए-बिहिश्त, म्हणजे स्वर्गातला पाट. यमुनेचं पाणी आणून ते दालनांतून खेळवलेलं होतं, आणि रंगमहालाखाली उन्हाळ्यासाठी तळघरंही होती. म्हणजे बादशहालाही हाच उन्हाळा छळत होता. सासऱ्यांना पानिपताची आवड असेल तर दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, त्यांना वर बघायला सांगा. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथल्या छताची चांदी उतरवून वितळवली, फौजेच्या खर्चाला पैसा नव्हता म्हणून. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं.

जामा मशिदीत दुपारी जाऊ नका. चप्पल बाहेर काढावी लागते आणि दगड अक्षरशः चटके देतो. लोटस टेंपलचंही तेच. संध्याकाळी जा, मोजे जवळ ठेवा. जामा मशिदीबाहेर कलिंगडाच्या फोडी घातलेलं गुलाबी, दुधाचं मोहब्बत का शरबत मिळतं. मुलांना आवडतं, मला फार गोड वाटतं. त्यापेक्षा चावडी बाजार मेट्रोजवळ सीताराम बाजारात कुरेमलची कुल्फी खा: आंब्याची कोय काढून आत कुल्फी भरलेली असते आणि सालासकट गोठवलेली. दौलत की चाट (दुधाच्या फेसाची मिठाई) मात्र शोधू नका, ती थंडीतच बनते.

दुपारी एसी. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तिका आहे. फोटोंमुळे आपण मोठी मूर्ती समजतो, प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर! मुलं मोठी असतील तर तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय. एक सांभाळा: सोमवारी लाल किल्ला, ही दोन्ही संग्रहालयं, लोटस टेंपल, अक्षरधाम सगळं बंद. सोमवार कुतुबमिनार किंवा हुमायूनसाठी ठेवा.

रात्री जेवून इंडिया गेट. उन्हाळ्यात अख्खी दिल्ली तिथे आइस्क्रीम खायला येते. शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक त्याआधी, संध्याकाळीच पाहून घ्या.

इथला उकाडा कोरडा असतो. घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी गेल्याचं कळतच नाही. सासूबाईंना तहान नसली तरी पाणी द्या, ओआरएसची पाकिटं पर्समध्ये असू द्या. खोली एसीचीच घ्या. संध्याकाळी आकाश अचानक पिवळट-करडं झालं तर ती आंधी, म्हणजे धुळीचं वादळ. झाडाखाली, होर्डिंगखाली थांबू नका, आत शिरा. नंतर हवा मस्त गार होते.

आंब्याबद्दल हापूसचा हट्ट सोडा. जूनमध्ये इथे दशहरी, लंगडा येऊ लागतात. लंगडा पिकला तरी हिरवाच दिसतो, कच्चा म्हणून परत करू नका. आपल्या चवीची आठवण आलीच तर आयएनएच्या दिल्ली हाटमध्ये महाराष्ट्राचा स्टॉल आहे, संध्याकाळी जा.

आग्र्याचंही विचारलंत. चार दिवसांत, या उन्हात, वडीलधाऱ्यांना घेऊन मी तरी जाणार नाही. मुलांनी हट्टच धरला तर पहाटेची गाडी घ्या आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी ताजमहाल बंद असतो.