कान टोचायचे कधी, आणि कुणाला विचारून?

‘बाळाचे कान अजून टोचले नाहीत, काही बिघडेल का?’ आणि ‘टोचले, पण फार रडली हो, घाई केली का आम्ही?’ हे दोन्ही प्रश्न मला सारख्याच काळजीनं विचारले जातात. मी कोल्हापुरात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसते. लसीच्या दिवशी डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं बरंच काही माझ्या टेबलाशी येतं. त्यातलं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगी पाच महिन्यांची. आई बँकेत नोकरीला, २६ आठवड्यांची रजा संपत आलेली. आजींचं म्हणणं, बारशालाच टोचायचे होते, तेव्हा कावीळ होती म्हणून राहिलं, आता तरी उरकून टाका. आईचं म्हणणं, मोठी झाल्यावर तिला हवं तर टोचेल तिची ती. बाबांचं म्हणणं, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ यातलं ‘तुम्ही’ नेमकं कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आजी तावातावानं बोलल्या. ‘पोरीची जात, आन् भुंडे कान. रंकाळ्यावर न्हेली तर बायका इचारत्यात, पोरगा काय वं? मी काय वाईट सांगतो का? आमच्या येळंला मामाच्या मांडीवर पोर बसवायची, सोनार तार घालायचा, झालं. काय दुखत न्हाई बारक्या पोरास्नी.’

दुखतं. पाळी कोवळी असली तरी सुई ती सुईच, आणि तान्ह्या बाळाला वेदना कळते. मोठेपणी आठवत नाही, एवढं मात्र खरं. घरोघरी या दोन गोष्टी एकात एक मिसळतात. कान टोचल्यानं बुद्धी वाढते, नजर सुधारते असंही ऐकवलं जातं. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट बाजूनं, तान्हेपणी टोचलं म्हणजे बाळाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो, ही मोबाईलवर वाचलेली भीतीही मी आयांच्या डोक्यातून काढून टाकते. पाळीचा टोच स्वच्छ हातानं झाला आणि पुढं काळजी घेतली तर धोका थोडाच असतो. न टोचण्यात तर काहीच धोका नाही. त्यामुळं हा निर्णय तब्येतीचा कमी आणि घराचा जास्त.

मग मी आईशी एकटीशी बोलले. ‘ते शरीराचा हक्क वगैरे खरंच पटतं मला,’ ती म्हणाली, ‘पण रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच कारणानं. मी कामावर रुजू झाले की एखाद्या दिवशी सासूबाई तिला गुजरीत, सोनारांच्या पेठेत घेऊन जातील. संध्याकाळी मी घरी येईन तेव्हा कानात सुंकली असतील.’ एवढं बोलून ती रडायला लागली. तिला कामावर जायचं होतं आणि बाळाला सोडवत नव्हतं. बाळाचं जे काही पहिलंवहिलं होईल ते आपल्या पाठीमागं होणार, या भीतीनं कानाच्या पाळीचा आधार घेतला होता.

आजींना मी एकच विचारलं, कान टोचताना तुम्हाला काय काय करायचंय? त्या खुलल्या. बाळाच्या मामानं द्यायची तार, अंबाबाईच्या देवळात जाऊन येणं, ओळखीचा सोनार, घरी पुरणाचा घास. त्यांच्या मुलीची मुलं परदेशात. त्यांचं बारसंही आजींनी व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. दारचं हे पहिलं नातवंड. सुनेचं ‘नको’ त्यांना ‘तुमचं काही नको’ असं ऐकू येत होतं.

तिघांना एकत्र बसवलं तेव्हा टोचायचं की नाही हा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला. आधी एवढंच ठरलं की आई हजर असल्याशिवाय कान टोचायचे नाहीत, आणि हे आजींना बाबांनी सांगायचं, सुनेनं नव्हे. बाबांना ते उच्चारायला बराच वेळ लागला. आजींनी ‘बरं’ म्हटलं, पण चेहरा पडला. मग मी सांगितलं की सुश्रुतसंहितेत कर्णवेधाला सहावा किंवा सातवा महिना सांगितलाय, बाराव्या दिवशी राहिलं म्हणून मुहूर्त हुकला असं काही नाही. तिथं पद्धतही दिली आहे: बाळाला मांडीवर घ्यायचं, खेळण्यानं रमवायचं, पाळी हलकेच ओढून उन्हात धरायची आणि जिथून उजेड आरपार येतो तिथं टोचायचं. आजी लगेच म्हणाल्या, ‘आमचा सोनार बी उजेडात धरूनच बघायचा की!’ सूनबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मोठी झाल्यावर विचारू, या वाटेनं सगळं आपोआप सुटतं असंही नाही. दुसऱ्या एका घरात मुलीला विचारायचं ठरवून थांबले होते. पहिलीत गेल्यावर तिनंच हट्ट धरला, वर्गातल्या सगळ्यांच्या कानात आहे म्हणून. एक कान टोचून झाला आणि तिनं दुसऱ्याला साफ नकार दिला. आईवडिलांनी जबरदस्ती केली नाही, आणि पोरगी एकाच कानात बारीक रिंग घालून ऐटीत शाळेला जात राहिली. आजोबा म्हणायचे, भिकबाळी समजा. मला हे फार आवडलं.

पहिल्या घरात आईनं दोन महिन्यांनी स्वतःहून होकार दिला. तोवर ती कामावर रुळली होती, आणि तिला न विचारता काही झालेलं नव्हतं. तिचा होकार थोडा आजींसाठी होता, तेही तिनं लपवलं नाही. नसता दिला तरी मी तिच्याच बाजूनं उभी राहिले असते.

टोचायचं ठरलंच तर डॉक्टर आमच्याकडं जे सांगतात ते असं. पेंटाव्हॅलंटचे ६, १०, १४ आठवड्यांचे तिन्ही डोस आधी होऊ द्यात, त्यात धनुर्वाताची लस असते. ताप, सर्दी, अंगावर पुरळ असेल त्या दिवशी नको. घरात कुणाच्या जखमेच्या जागी मांस वाढून गाठ येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सोनार असो की दवाखाना, हात धुतलेले, हातमोजे नवे, सुई किंवा तार निर्जंतुक केलेली हवी; गिऱ्हाईक संपलं की तीच पुसून पुढच्याला, असं नको. कान टोचायची प्लॅस्टिकची बंदूक उकळून निर्जंतुक करता येत नाही. निकेल असलेला स्वस्त दागिना पाळी चिघळवतो. बधिर करायचं मलम आपल्या मनानं लावू नये, तान्ह्या बाळाला ते बाधू शकतं.

पुढं साधारण ६ आठवडे पाळी भरून यायला लागतात. हात धुऊनच कानाला लावायचा. हळद-तेलाच्या जुन्या वाटीपेक्षा स्वच्छ पाणी किंवा डॉक्टरांनी दिलेलं सलाईन बरं. लोकरीचं टोपडं आणि गळ्यातून ओढून काढायचे फ्रॉक बाजूला ठेवा, तार त्यातच अडकते. पुढून बंद लावायची झबली बरी. सुट्या फिरकीचं कानातलं या वयात नकोच, निसटलं की सरळ तोंडात जातं. पाळी लाल होऊन गरम लागली, पू आला किंवा ताप चढला तर सोनाराकडं नाही, दवाखान्यात यायचं.

या बाळाला तिसऱ्या दिवशी डाव्या पाळीला थोडी सूज आली. दवाखान्यात घेऊन आल्या त्या आजीच, पण रिक्षात बसायच्या आधी त्यांनी सुनेला बँकेत फोन लावला होता.