जुन्या फियाटच्या कार्ब्युरेटरचे लिंकेज नुकसान न करता कसे काढावे?

आपण विचारले आहे की, आपल्या घरच्या १९६८ सालच्या फियाट ११०० चा सोलेक्स कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) साफ करण्यासाठी उतरवायचा आहे, परंतु लिंकेजमधील (पेडल कार्ब्युरेटरला जोडणाऱ्या यंत्रणेतील) अ‍ॅक्सिलरेटरच्या रॉडचे बॉल जॉइंट (बॉलवर वाटीसारखे सॉकेट बसवलेले सांधे) गंजून घट्ट बसले आहेत. अशा वेळी पक्कड लावून ते ओढावेत का? माझे स्पष्ट उत्तर असे की, ओढू नयेत.

रॉड ज्या लिव्हरला जोडलेला असतो, तो लिव्हर थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) स्पिंडलवर, म्हणजे दांडीवर, बसलेला असतो आणि हा स्पिंडल कार्ब्युरेटरच्या जस्ताच्या मिश्रधातूतील भोकांतून आरपार जातो. आपण रॉड आडवा ओढला की सगळा जोर त्या भोकांवर येतो. भोके थोडी जरी लांबट झाली तरी तेथून हवा आत शिरते आणि मग इंजिनचे आयडलिंग (पेडल न दाबता चालणे) कधीच स्थिर राहत नाही. पुष्कळ लोक अशा गाडीचे जेट (पेट्रोलसाठी बारीक छिद्र असलेले भाग) वर्षानुवर्षे बदलत राहतात, पण दोष स्पिंडलमध्ये आहे हे कोणी पाहत नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा आहे आणि वडिलांची फियाट गेली बारा वर्षे स्वतः सांभाळतो. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओलसर असते की शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्याही उघड्या लोखंडावर गंज चढतो, म्हणून हे जॉइंट धरून बसणे स्वाभाविक आहे. आदल्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीचे अर्थिंगचे टोक सोडवा, एअर क्लीनर काढा, जुन्या टूथब्रशने बॉलभोवतीची माती आणि वाळलेले ग्रीस खरवडून काढा आणि गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर तसेच राहू द्या. गॅसची ज्योत मात्र कोणी कितीही सुचवली तरी जवळ आणू नका, कारण फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) पेट्रोल शिल्लक असते.

सकाळी कोणताही भाग सोडवण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि रॉडची लांबी एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंत मोजून लिहून ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझी चूक येथेच झाली होती. पहिल्याच वेळी मी कार्ब्युरेटरच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून जॉइंट उचकटला, त्यात लिव्हर किंचित वाकला, आणि लांबी मोजलेली नसल्यामुळे रॉडही अंदाजाने बसवला. दोन दिवसांनी चोर्ला घाटात पाय पेडलवरून काढला तरी इंजिनचा वेग उतरेना. वाकलेला लिव्हर मध्येच अडकला होता. सरळ रस्ता असल्यामुळे किल्ली फिरवून इंजिन बंद करता आले आणि ब्रेकवर गाडी कडेला घेता आली. शेजारी वडील बसले होते. तेव्हापासून लिंकेजचे काम मी घाईत कधीही केलेले नाही.

प्रथम रिटर्न स्प्रिंग काढा. पकडीने तिचा आकडा ताणला जातो, म्हणून मजबूत सुतळीचा फास आकड्यात अडकवून हलकेच ओढा; आकडा न ताणता स्प्रिंग सुटते. त्यानंतर सॉकेट नीट पाहा. त्यावर तारेची क्लिप असेल तर ती आधी बाजूला सरकवावी लागते. टोकाला स्क्रूची टोपी आणि स्प्लिट पिन असेल तर पिन काढून टोपी सैल करावी लागते. दोन्ही नसेल, तर सॉकेट नुसते दाबून बसवलेले आहे असे समजा. अशा वेळी डाव्या हाताने लिव्हर मागून घट्ट धरा, सॉकेट आणि लिव्हर यांच्या फटीत पातळ फिक्स पाना सरकवा आणि बॉल ज्या दिशेला उभा आहे त्याच दिशेने सरळ उचला. टक् असा आवाज होऊन सॉकेट सुटते. जोर पाना आणि लिव्हर यांच्यातच राहतो, स्पिंडलपर्यंत पोहोचत नाही. रॉडच्या टोकाचे लॉकनट शक्यतो हलवू नका.

चोकच्या तारेचा स्क्रू सोडवताना त्याखालची गुंडी दुसऱ्या पान्याने धरावी, नाहीतर तार पिळली जाते. कार्ब्युरेटर उतरताच मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) तोंडावर स्वच्छ फडके ठेवा. एखादा वॉशर आत पडला तर पुढचे काम फार वाढते.

कार्ब्युरेटर हातात असताना स्पिंडल वर-खाली हलवून पाहा. ढिलाई जाणवली तर नवीन बुश (भोकात बसणारी धातूची छोटी नळी) बसवून घ्यावा. बेळगावात उद्यमबागेत बारीक लेथकाम करणारे कारागीर आहेत, त्यामुळे केवळ त्यासाठी संपूर्ण कार्ब्युरेटर बदलण्याची गरज मला वाटत नाही. पेट्रोलची रबरी नळीही याच वेळी बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते.

परत जोडताना बॉलना अगदी थोडे ग्रीस लावा. मग इंजिन बंद असतानाच कोणाला तरी आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि आपण वरून पाहा: थ्रॉटलची चकती पूर्ण उभी झाली पाहिजे, आणि पाय काढताच लिव्हर कोणाचाही हात न लागता आयडलिंगच्या स्क्रूवर येऊन टेकला पाहिजे. पाच-सहा वेळा असे करून एकदाही अडखळला नाही, तरच इंजिन सुरू करा. चोकची मूठ पूर्ण आत असताना तारेत दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवा, म्हणजे चोक अर्धवट लागून राहणार नाही.

सॉकेट कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखता आले नाही तर रॉडच्या दोन्ही टोकांचे जवळून काढलेले फोटो येथे जोडा; ते पाहून मी सांगेन, आणि तोपर्यंत त्याला हत्यार लावू नका.