फुल आयर्नमॅनची तयारी करताना आठवड्याला ६० किमी धावणं जास्त होतं का? सायकल आणि पोहण्याशी मेळ कसा घालायचा?

तुमचा प्रश्न मी खालून वर वाचला. वर फुल आयर्नमॅनचा, म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२ किमी धाव सलग एकाच दिवशी करण्याच्या ट्रायथलॉनचा, किलोमीटरचा हिशेब आहे: मूळचे रनर, आठवड्याला बारा तास हाताशी, सध्या ६० किमी धावणं चालू, ते किती कमी करू आणि सायकलचे किती किमी म्हणजे धावण्याचा एक किमी धरू. आणि अगदी तळाला, जाता जाता, ‘नडगी थोडी दुखते, पण दोन किमी झाले की अंग गरम होतं आणि दुखणं थांबतं’. हे वाक्य माझ्या डायरीत जसंच्या तसं आहे, माझ्याच अक्षरात. त्यामुळे हात शिवशिवले.

हो, ६० जास्त आहेत. ३५ वर या. आता का ते सांगते.

मला धावायला दादाने शिकवलं. सख्खा मोठा भाऊ, डझनभर मॅरेथॉन केलेला, आणि धावण्याच्या बाबतीत त्याचं कुणी ऐकलं नाही तर रात्री जेवण न जाणारा. मी ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घेतलं तेव्हा त्याने एकच सूत्र दिलं: पोहून कुणी जिंकत नाही, सायकल म्हणजे बसून केलेला व्यायाम, खरी परीक्षा शेवटच्या ४२ किमीत, म्हणून धावणं कमी करायचं नाही. मी केलं नाही. आठवड्याला ६५ किमी, म्हणजे माझ्या वेगाने साडेसहा तास. उरलेल्या पाचेक तासांतले चार सायकलला, तेही बहुतेक रविवारी एकदम, आणि पोहायला मिळाला तर एक. डायरी दादा तपासायचा. धावण्याच्या आकड्यांखाली लाल रेघ मारायचा, सायकलच्या रकान्याकडे बघायचासुद्धा नाही.

पहिली रेस. ३.८ किमी पोहणं १ तास ३२ मिनिटं, चालेल. १८० किमी सायकल ७ तास २४ मिनिटं. आणि मग ती मॅरेथॉन, जिच्यासाठी वर्षभर सगळं पणाला लावलं होतं. नुसती मॅरेथॉन मी ३ तास ५२ मिनिटांत केलेली होती, म्हणून मनात साडेचार धरले होते. २४व्या किलोमीटरला वेळ नोंदवणारी ती चटई असते ना, जमिनीपासून बोटभर उंच, तिच्या कडेला माझा बूट अडकला. पाय उचललाय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात उचललाच नव्हता. पडले नाही, पण तिथून पुढे चालत. ५ तास ४९ मिनिटं. मधले कपडे-बूट बदलण्याचे थांबे धरून सगळं मिळून बरोबर १५ तास.

दादाचं निदान तयारच होतं: धावणं कमी पडलं.

आणि मी, सांगायला लाज वाटते, ते मानलं. पुढच्या मोसमात ७५ किमीवर गेले. सायकल होती तिथेच. तिसऱ्या महिन्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वीतभर वर, दुखायला लागलं. सुरुवातीला धावायच्या पहिल्या दहा मिनिटांतच. मग संपूर्ण रनभर. मग जिना उतरताना. एका सकाळी बुटाची नाडी बांधताना अंगठा सहज तिथे दाबला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. जागा एवढीशी, बोटाच्या पेराएवढी. तिच्या वर-खाली इंचभर काहीच नाही. त्या दिवशीही मी १४ किमी धावले, कारण डायरीत १४ लिहिले होते. आठवड्याभराने एमआरआय. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर. रेसला सतरा आठवडे बाकी.

सात आठवडे धावणं शून्य. सायकलवर बसल्यावर दुखत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी सायकल चालू ठेवू दिली, पोहणंही. नाइलाजाने मी आठवड्याला १९० ते २०० किमी सायकल मारायला लागले आणि तीनदा पाण्यात उतरायला लागले. आठव्या आठवड्यात एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं परत सुरू केलं. तिथून रेसपर्यंतचा माझा धावण्याचा सर्वांत मोठा आठवडा ३८ किमीचा होता. दादाने डायरी बघायचं सोडून दिलं होतं.

दुसरी रेस: सायकल ६ तास ४१ मिनिटं, मॅरेथॉन ४ तास ४६. चाल फक्त पाण्याच्या टेबलांपाशी. रेसच्या आधीच्या चार महिन्यांत आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी धावून मॅरेथॉनमध्ये एक तासापेक्षा जास्त वेळ वाचला.

हे कसं, ते मला नंतर कळलं, आणि यात जादू काही नाही. ट्रायथलॉनमधली मॅरेथॉन ही मॅरेथॉन नसतेच. ती सात तास पेडल मारलेल्या पायांनी केलेली धाव असते. १८० किमीत तुम्ही दमून उतरलात तर मागे आठवड्याला ६० धावला होतात की ९०, हे विचारायला कुणी येत नाही. मी पहिल्या वर्षी सायकल माझ्या कुवतीच्या अगदी काठावर चालवली, कारण माझी कुवतच तेवढी होती. दुसऱ्या वर्षी तोच रस्ता मला सोपा गेला. वेळ थोडी कमी झाली हा त्यातला लहान भाग. मोठा भाग हा की उतरले तेव्हा मांड्यांत जीव होता.

दुसरी बाजू शरीराच्या खर्चाची. मिनिटाला १७० पावलं धरली तर तासाला दहा हजारांच्या वर पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला एका पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. सायकलवर आणि पाण्यात हा आपटा नाही. हृदय-फुप्फुसांना तिन्हीकडे काम मिळतं, पण हाडं आणि स्नायुबंध यांची वसुली फक्त धावण्यात होते. शिवाय दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला घट्ट व्हायला महिने लागतात. मुरलेल्या रनरचा घोटाळा इथेच होतो. सायकल-पोहण्याने दम आणखी वाढतो, मग धावताना सगळं हलकं वाटतं, मग माणूस आणखी जोरात धावतो. बिचाऱ्या नडगीला यातलं काही माहीत नसतं.

दादाचा हुकमी पत्ता इतिहासाचा. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली ती मुळात वादातूनच, की जास्त दणकट कोण, पोहणारे, धावणारे की सायकलवाले. नौदलातल्या जॉन कॉलिन्सने तीन शर्यती एकापाठी एक जोडल्या. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. गॉर्डन हॅलरने धावताना जॉन डनबारला गाठलं आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. ‘बघ, धावूनच जिंकला ना?’ १९८९ची हवाईतल्या कोनाची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा तर दादाला तोंडपाठ आहे: मार्क ॲलन आणि डेव्ह स्कॉट आठ तास खांद्याला खांदा लावून, शेवटच्या टप्प्यात ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला, मॅरेथॉन २ तास ४० मिनिटं ४ सेकंद.

बरोबर आहे. पण ते दोघं सायकलवरून बरोबरीने उतरले होते, हे वाक्य दादा नेहमी गिळतो. १८० किमी जगातल्या कुणाही इतक्या वेगाने मारून ज्यांचे पाय शाबूत राहतात, त्यांच्यातला निकाल धावण्यावर लागणारच. तुम्ही-आम्ही त्या रांगेत नाही. आपल्याला सहसा सतरा तासांच्या मुदतीत पोचायचं असतं, किंवा तेरा-चौदाची हौस असते, आणि आपला सर्वांत जास्त वेळ, निम्म्याच्या आसपास, सायकलवरच जातो. सरावात तिला एक तृतीयांश देणं हा कुठला हिशेब? (आणि हाच ॲलन त्याआधी अनेक वर्षं नाडीवर मर्यादा घालून मुद्दाम हळू सराव करत होता. तेही दादा सांगत नाही.)

तर तुमचे बारा तास. साडेसहा सायकलला, सव्वातीन ते साडेतीन धावण्याला, उरलेले पोहण्याला. सायकलमध्ये एक मोठी राइड, जी रेसच्या आधीच्या दोन महिन्यांत पाच तासांपर्यंत जाईल. त्या आठवड्यात दुसरं काहीतरी कापावं लागेल, धावणंच कापा. पोहणं पाऊण-पाऊण तासाचं तीनदा, एकदम सव्वादोन तास नको. पाण्यावरची पकड चार दिवसांत सुटते आणि पोहण्यात दमापेक्षा तंत्रावरच जास्त ठरतं. धावणं चार वेळा, त्यातले तीन चाळीसेक मिनिटांचे, अशा वेगाने की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. लाँग रन दीड तासाने सुरू करून हळूहळू वाढवा, पण अडीच तासांच्या पुढे नेऊ नका. त्यापुढे मिळतं थोडं आणि पुढचे तीन दिवस सायकल वाया जाते. एखाद्या छोट्या रनऐवजी मोठ्या राइडनंतर लगेच वीस-पंचवीस मिनिटांची ब्रिक धाव करा. पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्याचेच वाटतील. ते ओळखीचे होण्यापुरतीच ती धाव. ब्रिक म्हणून सायकलनंतर पंधरा-पंधरा किमी धावणारे लोक मी पाहिलेत, आणि बहुतेकांना नंतर फिजिओकडेही पाहिलंय.

वेगाचं काम करायचंच असेल तर सायकलवर करा. धावण्यात आठवड्याला फार तर एक टेंपो (सलग, जरा जोरातली धाव), आणि तोही नडगीचं दुखणं काय ते कळल्यावर.

किती किमी सायकल म्हणजे एक किमी धाव? असा विनिमय दर नाही. लोक चारास एक म्हणतात, तीनास एक म्हणतात. मीही डायरीत असा रकाना आखला होता, दादाला दाखवायला, की बघ, मी ‘एवढं’ धावलेय. किलोमीटर सोडा, तास मोजा.

आता दादाच्या बाजूनेही दोन शब्द, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. दुसऱ्या वर्षी रेसच्या दिवशी ढग होते, पहिल्या वर्षी ऊन भाजत होतं, आणि उन्हाने मॅरेथॉनमध्ये अर्धा तास सहज जातो. शिवाय पहिल्या वर्षी सायकलवर मी नीट खाल्लंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी दर अर्ध्या तासाला घड्याळ वाजवून एनर्जी जेल घेतली. माझा एक तास नेमका कशाने वाचला हे छातीठोक सांगता येणार नाही. आणि ३५ किमी मला पुरले, कारण पाठीशी धावण्याची आठ वर्षं होती. कुणी पोहण्यातून किंवा सायकलिंगमधून येत असेल तर हेच उत्तर उलटं आहे: त्याने धावणं वाढवावं, पण चार-सहा महिन्यांत, मुंगीच्या पावलांनी. धावणं अगदी बंदही करू नका. नुसती सायकल मारणाऱ्यांची हाडं ठिसूळ होण्याकडे कल असतो, हाडाला थोडा आपटा लागतोच. आणि हाफची, म्हणजे निम्म्या अंतराच्या आयर्नमॅनची, तयारी असेल तर धावण्याचा वाटा जरा वाढवला तरी चालतो.

हे सगळं नडगी ठीक असेल तर. आज घरी गेल्यावर नडगीच्या आतल्या कडेने वरून खाली अंगठा दाबत या. वीतभर पट्टाच्या पट्टा हुळहुळत असेल तर बहुधा शिनस्प्लिंट्स (जास्त धावण्याने नडगीच्या कडेला होणारा दाह), धावणं निम्मं करा आणि बूट किती जुने आहेत ते बघा. पण दुखणं पेराएवढ्या एकाच जागी असेल, किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर उद्याचा रन रद्द. स्पोर्ट्सवाल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असं समजू नका. माझा पहिला एक्स-रे स्वच्छच होता. तो दादाने अजून जपून ठेवलाय.