स्कॉटलंडमधल्या केल्पीज घोड्यांवर स्वार का नाही? एडिंबरोत आमच्याकडे एकच मोकळा दिवस आहे, तर तिथे जावं का?

जा. फॉलकर्क गावाजवळ कालव्याकाठी उभी असलेली ही घोड्यांच्या डोक्यांची दोन प्रचंड शिल्पं चुकवू नका. आता स्वाराचं बोलू. खरं तर त्या एका शब्दासाठीच लिहायला बसलेय, कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाने त्या घोड्यांसमोर उभं राहून मला विचारला होता, आणि त्यावरून आम्ही गाडीत फॉलकर्क ते ग्लासगो भांडत आलो.

नावामागची गोष्ट तुम्ही वाचलीच असेल. केल्पी म्हणजे स्कॉटिश लोककथांमधलं पाण्यातलं भूत. काठावर देखण्या घोड्याचं रूप घेऊन उभं राहतं, पोरं पाठीवर चढली की त्यांचे हात कातडीला चिकटतात आणि ते त्यांना घेऊन पाण्यात जातं. लहानपणी विहिरीकडे फिरकलो की साती आसरांचं नाव काढून दटावायचे ना, तोच प्रकार. म्हणजे कथेच्या हिशेबाने स्वार हवाच असेल तर तो कालव्याच्या तळाशी शोधा.

पण भुताखेताचा संबंध नावापुरताच. नाव कालव्याच्या मंडळींनी आधीच ठरवलेलं होतं. शिल्पकार अँडी स्कॉट हा ग्लासगोचा माणूस, वडील मूळचे फॉलकर्कचे. त्याने भुताला बाजूला सारलं आणि ओझी ओढणारे घोडे केले. मॉडेल म्हणून ड्यूक आणि बॅरन हे क्लाइड्सडेल जातीचे दोन खरे घोडे होते. मान खाली घातलेला तो ड्यूक, आकाशाकडे तोंड केलेला बॅरन. नाव भुताचं, घोडे हमालाचे.

आणि हमाली कसली, तर समोरच्याच पाण्यावरची. फोर्थ अँड क्लाइड कालवा 1790 मध्ये पूर्ण झाला आणि स्कॉटलंडचे दोन्ही किनारे जोडले गेले. जवळच कॅरनचा लोखंडाचा कारखाना, तो 1759 पासूनचा. काठावरच्या वाटेने घोडा चालायचा, मागे दोर, दोराला पडाव. 1803 मध्ये शार्लट डंडास नावाच्या वाफेच्या बोटीने याच कालव्यातून दोन पडाव ग्लासगोपर्यंत ओढून दाखवले. प्रयोग यशस्वी झाला, तरी लाटांनी काठ ढासळतील या भीतीने कालव्याच्या मालकांनी बोट नाकारली. घोड्यांची नोकरी वाचली ती अशी, काठच्या चिखलामुळे! यंत्राची ताकद घोड्यात मोजायची टूम ज्याने रूढ केली तो जेम्स वॉटही स्कॉटिशच. ज्याची भाकरी काढून घ्यायची, त्याच्याच नावाने माप.

आता दादाचं. आमचे आजोबा, अण्णा, मिरजेत टांगा चालवायचे. स्टेशन ते दवाखाना, बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची गाठोडी. घोड्याचं नाव बादशा. मला बादशा पुसटसा आठवतो, टांग्याचे दोन पितळी दिवे मात्र चांगले आठवतात. दर दसऱ्याला आई ते चिंचेने घासायची. रिक्षा आल्या, टांगा गेला, दिवे माळ्यावर गेले. दादाचं लग्न ठरलं तेव्हा सोयऱ्यांपुढे तो म्हणाला, "आजोबांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता." मी समोर पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते. हसू आवरेना म्हणून आत गेले आणि आत गेल्यावर रडले. पुढे घर नवं बांधलं तेव्हा त्याने ते दिवे भंगारवाल्याला दिले. किलोवर. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता.

तर हा दादा, वहिनी आणि आई माझ्याकडे ग्लासगोला आले होते. ऑक्टोबर, भुरभुर पाऊस, तिरका वारा. वाहनतळावरून चालत आलो आणि समोर ते. फोटोत अंदाज येत नाही. तीस मीटर म्हणजे दहा मजली इमारत, आणि त्यात फक्त डोकं आणि मान. एकेकाचं वजन तीनशे टनांच्या वर. स्टेनलेस स्टीलचे पत्रे असे बसवलेत की मधल्या फटींतून आभाळ दिसतं, त्यामुळे एवढं अवजड काम असूनही ढग सरकले की मान हलल्यासारखी वाटते.

दादाने वर बघितलं, खाली बघितलं. "धड कुठाय? आणि वर बसणारा कुठाय? पैसे संपले वाटतं."

त्याचं एक जुनं शास्त्र आहे. कुठल्याही अश्वारूढ पुतळ्याखाली उभा राहून तो सांगतो: एक पाय वर म्हणजे स्वार जखमांनी गेला, दोन्ही वर म्हणजे रणात पडला, चारही जमिनीवर म्हणजे अंथरुणात. हे थोतांड आहे. असा कुठलाही नियम शिल्पकार पाळत नाहीत, आणि हे मी त्याला बारावीपासून सांगतेय. इथे पायच नाहीत म्हटल्यावर गडी बावचळला. मी म्हटलं, "स्वार नाही कारण हा पुतळा घोड्याचा आहे. ज्याने ओढलं त्याचा. तुला नाही कळायचं, तुझा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय."

वहिनीला संदर्भ लागेना. "कसला व्यवसाय?" दादा माझ्याकडे असा बघत होता की त्या पाण्यात केल्पी असतीच तर त्याने मला तिच्या पाठीवर स्वतः बसवलं असतं.

एवढ्यात आई बोलली. ती इतका वेळ छत्री सावरत बॅरनकडेच बघत होती. "ह्याला भूक लागलीया. तोबरा दिसला की बादशा अशीच मान वर टाकायचा." मग वहिनीकडे वळून, जसं काही वीस वर्षं रोजच सांगत आलीय अशा सुरात, "तुमच्या आजेसासऱ्यांचा घोडा गं. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळे मला भ्यायचे नाहीत, तो एकटा भ्यायचा. खरारा करताना थरथर कापायचा." आणि सांगतच सुटली: नालबंद कुठे बसायचा, हरभरा किती भिजवायचा, स्टेशनच्या चढावर अण्णा स्वतः उतरून चालायचे ते. वहिनी ऐकत राहिली. दादा पार्किंगचे पैसे भरायला गेला, जे मी आधीच भरले होते.

माझं मत स्पष्ट आहे. राजे-सेनापती दाखवणारे अश्वारूढ पुतळे ढिगाने झालेत, आणि त्यातला घोडा म्हणजे चौथऱ्याचाच वरचा भाग. आपण निदान वर्षातून एकदा बैलाच्या शिंगांना रंग देतो, पोळी खाऊ घालतो. टांग्याच्या घोड्याला आपल्याकडे कुणी विचारलं? दिवे असतील घरात अजून, तर भंगारात देऊ नका. तुमच्या भावाला विचारून ठेवा आधीच.

हां, जाण्याबद्दल. एडिंबरोहून फॉलकर्कला रेल्वेने साधारण अर्ध्या तासात पोचता, पुढे बस किंवा टॅक्सी. बाहेरून बघायला तिकीट नाही, आतून सांगाडा बघायचा तर टूरला पैसे पडतात. आमची टूर राहिली, कारणं वर आली आहेत. गावाच्या दुसऱ्या टोकाला फॉलकर्क व्हील आहे, बोटी उचलणारं अजस्र चाक, 2002 चं. दोन्ही एका दिवसात होतात. अंधार पडल्यावर घोड्यांच्या आतून दिवे लागतात, जमलं तर तोवर थांबा. आणि इमानदारीत सांगायचं तर सगळ्यांनाच हे घोडे आवडत नाहीत. फार मोठे आहेत, मोटारवेवरून दिसावेत म्हणून केलेत, असं म्हणणारेही आहेत, आणि एम-9 वरून ते दिसतात हे खरंच आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण मी तटस्थ नाही हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

दादाने त्या रात्री घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: "स्कॉटलंडचे पौराणिक जलअश्व." मी खाली लिहिलं, "टांग्याचे घोडे." त्यावर त्याने आजवर काही लिहिलेलं नाही. वहिनीने अंगठा दिलाय.