पाणी तेच असताना ते कालपर्यंत नियमात आणि आज नियमाबाहेर कसे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : न्यू जर्सीतील आपल्या घरी पाणीपुरवठा कंपनीचे पत्र आले, त्यात पाण्यातील ‘पीएफओए’चे (‘पीएफएएस’ कुळातील, सहजी न विघटणारे एक मानवनिर्मित रसायन) प्रमाण राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे कळवले आहे आणि शेजारीच ‘ही तातडीची परिस्थिती नाही’ असेही लिहिले आहे. मग पूर्वी हेच पाणी चालत होते तर आता काय बिघडले, आणि केंद्राचे नियम असताना राज्याने वेगळा नियम का करावा? मी याच राज्यात पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे.

बहुधा आपले पाणी बदललेले नाही. बदलला तो आकडा. अमेरिकेच्या १९७४ च्या पेयजल कायद्यानुसार केंद्राची मर्यादा ही किमान अट असते. राज्याला तिच्याहून कडक नियम करता येतो, सैल करता येत नाही. न्यू जर्सीने १९८० च्या दशकातच आपल्या कायद्यात दुरुस्ती करून ‘ड्रिंकिंग वॉटर क्वालिटी इन्स्टिट्यूट’ ही स्वतंत्र सल्लागार संस्था उभी केली. ही संस्था शिफारस करते आणि राज्याचा पर्यावरण विभाग मसुदा, हरकती, सुनावणी या मार्गाने त्या शिफारशीचा नियम करतो. हा मार्ग किती लांब आहे, ते ‘पीएफएनए’ या याच कुळातील रसायनावरून दिसते. ग्लॉस्टर काउंटीतील पॉल्सबरो येथील पाण्यात ते सापडले, संस्थेने २०१५ मध्ये मर्यादा सुचवली आणि प्रत्यक्ष नियम झाला तो सप्टेंबर २०१८ मध्ये : एका लिटरमध्ये १३ नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग). या कुळातील रसायनावर बंधनकारक मर्यादा घालणारे न्यू जर्सी हे देशातील पहिले राज्य ठरले, तरीही शिफारस ते नियम या प्रवासाला तीन वर्षे लागली. त्याआधी, २०१० पासून २०१४ पर्यंत, या संस्थेची बैठकच झाली नव्हती, हेही नोंदवून ठेवायला हवे. पीएफओएची १४ आणि त्याच कुळातील पीएफओएसची १३ नॅनोग्रॅमची मर्यादा १ जून २०२० रोजी लागू झाली.

आता मुख्य मुद्दा. हा आकडा म्हणजे ‘इथपर्यंत सुरक्षित, त्यापुढे विषारी’ अशी रेघ आहे, असे बहुतेक लोक समजतात. तसे नसते. कर्करोगकारक पदार्थासाठी न्यू जर्सीचा कायदा आधी असे विचारतो की, आयुष्यभर हे पाणी पिणाऱ्या दहा लाख लोकांमागे एकाहून अधिक जादा रुग्ण होणार नाही, असे प्रमाण कोणते? त्यानंतर प्रयोगशाळा ते प्रमाण खात्रीने मोजू शकतात का, हे पाहिले जाते, आणि शेवटी ते पाण्यातून काढण्याचे तंत्र व्यवहारात जमते का, हे तपासले जाते. या तिन्हींची ओढाताण संपते तिथे आकडा ठरतो. ‘१,२,३-ट्रायक्लोरोप्रोपेन’ या औद्योगिक रसायनाचे उदाहरण घ्या. आरोग्याच्या हिशेबाने त्याची मर्यादा लिटरला ०.०००५ मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम) निघत होती. परंतु इतके सूक्ष्म प्रमाण प्रयोगशाळांना विश्वासाने मोजता येत नव्हते, म्हणून नियमात ०.०३० लिहिले गेले. आर्सेनिकबाबत मोजमापाच्या क्षमतेनुसार संस्थेने ३ मायक्रोग्रॅम सुचवले होते. शुद्धीकरणाची शक्यता आणि खर्च पाहून राज्याने ५ ठरवले आणि तोच नियम २००६ पासून लागू आहे. त्याच वर्षी केंद्राची मर्यादा ५० वरून १० वर आली. म्हणजे राज्याचा नियम केंद्राच्या निम्म्यावर असूनही, केवळ आरोग्य पाहून काढलेल्या प्रमाणाच्या तो कितीतरी वर आहे. मला यात लबाडी दिसत नाही. परंतु नियमातला आकडा हा शास्त्राचा अंतिम शब्द असल्याचे भासवले जाते, ते मात्र खटकते.

पीएफओएच्या आकड्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००९ मध्ये सल्ला म्हणून ४०० नॅनोग्रॅम सांगितले होते, तर न्यू जर्सीने त्याच्या दोन वर्षे आधी ४० म्हटले होते. २०१६ मध्ये ईपीए पीएफओए आणि पीएफओएस मिळून ७० वर आली. २०१७ मध्ये न्यू जर्सीच्या संस्थेने एकट्या पीएफओएसाठी १४ सुचवले. एप्रिल २०२४ मध्ये ईपीएने प्रथमच बंधनकारक मर्यादा घातली, ती ४. रसायन तेच होते. माणसांवरील अभ्यास वाढत गेले आणि ते शरीरातून निघून जायला वर्षे लागतात, हे पक्के होत गेले. सतत असे पाणी पिणाऱ्याच्या रक्तात त्याचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या शंभर पटींहूनही वर जाऊन स्थिरावते. म्हणूनच पाण्यातला क्षुल्लक वाटणारा आकडा क्षुल्लक राहत नाही.

‘तातडीची परिस्थिती नाही’ याचा अर्थही इथेच आहे. ही मर्यादा एका ग्लासासाठी नसून वर्षानुवर्षांच्या सेवनासाठी आखलेली असते आणि उल्लंघन साधारणपणे चार तिमाहींच्या सरासरीवरून ठरते. ते ठरल्यावर कंपनीने ३० दिवसांत ग्राहकांना कळवायचे असते आणि ठरावीक मुदतीत सक्रिय कोळशाचे किंवा आयन एक्सचेंजचे (विशिष्ट राळेच्या मण्यांवर रसायन अडकवणारे) शुद्धीकरण बसवून अथवा दूषित पाणी देणारी आपली विहीर बंद ठेवून पाणी नियमात आणायचे असते. पत्रातले वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण गर्भवती स्त्री किंवा बाटलीने दूध पिणारे बाळ घरात असेल, तर त्या वाक्यावर विसंबून वाट पाहत बसावे, असे मी म्हणणार नाही.

आपल्या मंडळींमध्ये दोन उपाय हमखास सुचवले जातात, म्हणून त्यांविषयी लिहिते. पाणी उकळून ही रसायने जात नाहीत; उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. दुसरे म्हणजे टीडीएस मीटर. भारतातून येताना तो अनेकांच्या बॅगेत असतो. परंतु मीटरवर २०० आकडा दिसतो, तेव्हा लिटरमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम, म्हणजे २० कोटी नॅनोग्रॅम विरघळलेले क्षार असतात. त्यांत १४ नॅनोग्रॅम कमी-जास्त झाले, तर त्या यंत्राला पत्ताही लागणार नाही. सिंकखाली बसवायचा आरओ किंवा चांगला कोळशाचा फिल्टर उपयोगी पडतो, मात्र त्यावर एनएसएफ (फिल्टरांसाठी मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) ५३ किंवा ५८ हे प्रमाणपत्र पीएफओएसाठी आहे, असे स्पष्ट लिहिलेले पाहावे आणि फिल्टरचे कार्ट्रिज वेळेवर बदलावे. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी गाळले तरी पुरते. आंघोळीच्या पाण्यासाठी खर्च करण्याची गरज नाही.

ज्यांच्या घरी स्वतःची विहीर आहे, त्यांना यातले जवळजवळ काहीच लागू होत नाही. खासगी विहिरीवर कोणीही देखरेख ठेवत नाही. मात्र घर विकताना पाणी तपासण्याची सक्ती राज्याने २००२ पासून केली आहे आणि डिसेंबर २०२१ पासून त्या तपासणीच्या यादीत पीएफओए, पीएफओएस व पीएफएनए ही तीन रसायने आली. हंटरडन, मर्सर, सॉमरसेट या भागांत खडकातूनच आर्सेनिक उतरते. तिथे घर घेताना विक्रेत्याचा अहवाल मागून वाचा, आणि घर २०२१ पूर्वी घेतले असेल तर स्वखर्चाने एकदा तपासणी करा.

राज्याचा वेगळा नियम कशासाठी, याचे उत्तर मे २०२५ मध्ये आपोआप मिळाले. ईपीएने त्या वेळी जाहीर केले की पीएफओए व पीएफओएसची ४ ची मर्यादा ठेवू, पण तिच्या पालनाची मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत वाढवू, आणि पीएफएनएसह इतर काही रसायनांच्या २०२४ मधील मर्यादा मागे घेऊ. वॉशिंग्टनमध्ये काहीही ठरले, तरी न्यू जर्सीची पीएफएनएची १३ ची मर्यादा राज्याच्या स्वतःच्या कायद्यावर उभी आहे आणि त्या घोषणेने ती हलत नाही. दरवर्षी १ जुलैपर्यंत आपल्या कंपनीने पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यायचा असतो. त्यात पीएफओएसमोर ८ किंवा १० असा आकडा दिसला, तर तो आज राज्याच्या नियमात बसतो, पण पालनाची मुदत अजून यायची असलेल्या केंद्राच्या ४ मध्ये बसत नाही. तेव्हा कंपनी शुद्धीकरणाचे काम कधी सुरू करणार आहे, हे तिला आत्ताच लेखी विचारावे.