आधी वेग, मग बाकीचं

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. नवाकोरा लॅपटॉप, १४४ हर्ट्झचा स्क्रीन (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा), आणि जुन्या 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये गाडी रिव्हर्सला मुंगीच्या पावलानं सरकते, त्यातला नायक सीजे पाण्यात हातपाय मारतो पण जागचा हलत नाही. 'स्कायरिम'च्या सुरुवातीची घोडागाडी तर उधळूनच जाते. यावर तू काय केलंस? एचडी टेक्श्चर, नवी झाडं, नवं आकाश असे मोड, म्हणजे चाहत्यांनी केलेले फेरफार, चढवत गेलीस. आणि आता विचारतेस की लॅपटॉप बदलून घेऊ, गेमची नव्यानं सजवलेली आवृत्ती म्हणजे रिमास्टर घेऊ, की हा नादच सोडू.

यातलं काहीही करू नकोस. आधी वेग, म्हणजे गेम सेकंदाला किती वेळा चित्र रंगवते तो आकडा.

जुन्या गेम्स का खेळाव्यात हे तुला पटवत बसणार नाही. ते पटलंय म्हणून तर रात्री दोन वाजता हा मेसेज लिहिलास. पण त्या गेम्स कुठल्या वेगासाठी लिहिल्या होत्या, हे तू एकदाही विचारलं नाहीस, आणि तिथंच सगळं अडलंय.

त्या काळी बऱ्याच गेम्सचा हिशेब सरळ असायचा. पडदा सेकंदाला ३० वेळा रंगवायचा हे ठरलेलं. एकदा रंगवणं म्हणजे एक फ्रेम. प्रत्येक फ्रेमला माणूस दोन घरं पुढे न्यायचा, म्हणजे सेकंदाला ६० घरं. तोच हिशेब १४४ फ्रेमवर चालवलास तर २८८ घरं. पुढच्या गेम्स यापेक्षा शहाण्या होत्या. त्या दोन फ्रेममधला वेळ मोजून त्या प्रमाणात हालचाल करायच्या. पण फ्रेम फार वाढले की तो वेळ इतका बारीक होतो की घर्षण, धक्का, उडी यांच्या आकडेमोडीत बारीकसारीक चुका साचत जातात. 'क्वेक ३' या नेमबाजीच्या गेममध्ये सेकंदाला १२५ फ्रेम असले की उडी किंचित उंच जाते ती अशाच राउंडिंगमुळे. १००० मिलिसेकंदांना १२५ नं भागलं की बरोबर ८ येतात. तिथल्या खेळाडूंनी त्याचं सोनं केलं. तुझा सीजे मात्र पाण्यात अडकला.

'पण व्ही-सिंक चालू आहे,' असं लिहिलंयस. अगं, व्ही-सिंक गेमला स्क्रीनच्या गतीशी बांधतं. स्क्रीन ६० चा असायचा तेव्हा ६० आपसूक मिळायचे. तुझा १४४ चा आहे, म्हणून व्ही-सिंक तुला १४४ च देणार. विलंबित ख्यालाची बंदिश द्रुत लयीत गाऊन वर 'राग बिघडलाय' म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आता कर काय ते. 'सॅन अँड्रियास' आणि त्याच मालिकेतली 'व्हाइस सिटी' दोन्हींच्या डिस्प्ले सेटअपमध्ये फ्रेम लिमिटर, म्हणजे फ्रेमवर मर्यादा घालणारं बटण आहे. तो चालू कर. 'सॅन अँड्रियास' त्यानं २५ वर येते, 'व्हाइस सिटी' ३० वर. आकडा बघून नाक मुरडू नकोस, मिशन्स याच वेगावर बेतलेली आहेत. शिवाय 'सॅन अँड्रियास'ला सायलेंटपॅच ही चाहत्यानं केलेली दुरुस्ती टाक. तो दिसणं बदलत नाही, नुसते दोष काढतो, म्हणून त्याला मी मोड म्हणत नाही. माउस चालेनासा झाला तर डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरातली 'जीटीए एसए' नावाची डॉट-सेट फाइल उडव. सेव्ह केलेला खेळ जात नाही, फक्त सेटिंग्ज नव्यानं कराव्या लागतात.

'स्कायरिम'ला असा लिमिटर मेन्यूत नाही. रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हे फ्रेमला मर्यादा घालणारं सॉफ्टवेअर उतरवून घे. खाली डावीकडच्या ॲड बटणानं गेमची ईएक्सई निवड आणि फ्रेमरेट लिमिटमध्ये ६० टाक. यादीत ग्लोबल निवडलेलं असताना टाकलंस तर सगळ्याच गेम्स ६० वर येतील, आणि मग नवी गेम अडखळते म्हणून पुन्हा मला मेसेज. त्यातच फ्रेमचा आकडा पडद्यावर दाखवायची सोय आहे. तो ६० वर स्थिर दिसेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. साठाच्या वर 'स्कायरिम'चं फिजिक्स बिथरतं आणि टेबलावरची ताटंवाट्या उडतात. २०१६ ची स्पेशल एडिशन घेतलीस तरी हे सुटत नाही.

'हाफ-लाइफ' किंवा 'काउंटर-स्ट्राइक १.६' असेल तर गेममधल्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एफपीएस मॅक्स (fps_max) १०० ठेव आणि विषय संपव.

एक फायदा तुझ्या लक्षात आलेला नाही. लिमिट नसेल तर नुसत्या मेन्यूवरही लॅपटॉप शेकड्यानं फ्रेम रंगवत बसतो. एप्रिल-मेमधली पुण्याची दुपार, वरच्या मजल्यावरची कॉट बेसिसची खोली, गादीवर ठेवलेला लॅपटॉप. पंखा बोंबलणार नाही तर काय. वेग बांधलास की निम्मी तक्रार तिथंच मिटेल.

जुन्या बाजारातून पीएस२ ची डिस्क हाती लागलीच, तर ती पाल आहे की एनटीएससी ते आधी बघ. या टीव्हीच्या दोन पद्धती. आपल्याकडे पाल. पाल म्हणजे ५० हर्ट्झ, आणि बनवणाऱ्यांनी मेहनत घेतली नसेल तर ६० हर्ट्झसाठी लिहिलेली गेम त्यावर साधारण १७ टक्के रेंगाळते. काही गेम्स सुरुवातीलाच ५० की ६० असं विचारतात, तिथं ६० घे. पीएस२ च्या गेम्स कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या पीसीएसएक्स२ मधला पाल फ्रेम रेट मात्र ओढूनताणून ६० करू नकोस. मग ५० वर नीट चालणारी गेमही सुसाट पळते. पीसीएसएक्स२ ला बायोस, म्हणजे पीएस२ चं मूळ सॉफ्टवेअर लागतं, ते आपल्याच पीएस२ मधून काढायचं.

कोणती खेळू, असंही विचारलंयस. आत्ता एकच: गाव वसवून लढाई करायची 'एज ऑफ एम्पायर्स २', डेफिनिटिव्ह एडिशन. इथं फ्रेमची भानगड नाही, पण वेग आहेच. नॉर्मल म्हणजे १.७ पट. गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात ते गेमच्या घड्याळाचे. तुझ्या मनगटावरचे जेमतेम १५. तुला वाटतं आपला हात संथ आहे, तसं नाहीये. पहिले दहा डाव स्लोवर, म्हणजे १.० वर खेळ. सुरुवातीला तीन गावकरी आणि एक स्काउट (टेहळणी करणारा घोडेस्वार), गावकरी जिथं तयार होतात ते टाउन सेंटर पाचांनाच सामावतं. म्हणजे एक गावकरी निघाला की दार बंद. म्हणून पहिल्याच क्षणी दोन गावकऱ्यांना २५-२५ लाकडांची दोन घरं बांधायला लाव, तिसऱ्याला मेंढ्यांकडे धाड, आणि हाताशी असलेल्या २०० अन्नात चार गावकरी रांगेत लाव. त्यानंतर टाउन सेंटर एक सेकंदही रिकामं बसता कामा नये. हरतात ते बहुतेक इथंच हरतात, लढाईत नाही.

मोडबद्दल आमच्या ग्रुपमध्ये मला 'लिमिटरवाले काका' म्हणतात. म्हणोत. चाळीस मोड टाकून एकही गेम न संपवणारी माणसं ढिगानं आहेत आणि त्यांच्या गेम्सचे फोटो सुंदर येतात. मी सुंदर फोटोंच्या विरोधात नाही. क्रम चुकवू नकोस एवढंच म्हणतो: वेग, मग कंट्रोल्स, मग चित्राचं प्रमाण (४:३ ची गेम ताणू नकोस, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये स्केलिंग ॲस्पेक्ट रेशोवर ठेव), आणि आकाश-झाडं गेम एकदा संपल्यावर. हे तपशील मराठीत कुणी नीट लिहून ठेवले नाहीत, सायबर कॅफे बंद झाले तसे तेही विरले, याची खंत मला आहे. कदाचित म्हणूनच मी इतका कटकट्या वाटतो.

'जीटीए'चं २०२१ चं रिमास्टर नको. ते सुधारत गेलं असेलही, पण ती वेगळी गेम आहे आणि तू विचारतेयस जुनीबद्दल.

राहिलं 'व्हाइस सिटी'मधलं 'डिमॉलिशन मॅन' हे मिशन, जिथं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं इमारतीत बॉम्ब पोचवायचे असतात. तुझ्या लॅपटॉपला नमपॅड (उजवीकडचा आकड्यांचा कीपॅड) नाही आणि ते हेलिकॉप्टर पुढे-मागे नमपॅडवरच चालतं, म्हणून तू तिथं रडकुंडीला आलीस. कंट्रोल्समध्ये जाऊन ती बटणं ॲरो कीजना दे, किंवा पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत यूएसबी नमपॅड मिळतो का बघ. आणि पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. आधी रिकाम्या हेलिकॉप्टरनं चारही मजले फिरून ये, वाटेतल्या कामगारांना पात्यांनी बाजूला कर, जिने लक्षात ठेव. मग बॉम्ब. लिमिटर चालू आहे ना, ते तेव्हाही एकदा बघ.